चार पावलं पुढे : लेव्ह याशिन आणि राखणीची विद्या



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आपल्या सरांनी मला पहिल्यांदा गोलात उभं केलं तेव्हा मी सातवीत होतो. वर्गात सगळ्यांत उंच होतो, एवढंच कारण. आपल्या कोल्हापुरात त्या जागेला गोलरक्षक कुणी म्हणत नाही, ‘गोली’ म्हणतात. त्या दिवसापासून मी गोली झालो. आज सरांच्या नावाने बोलायची संधी मिळाली, तेव्हा विषय निवडायला मला क्षणभरही लागला नाही. लेव्ह याशिनची आणि माझी ओळख सरांमुळेच झाली.

माझ्या पिढीच्या लोकांना आठवत असेल, त्या काळी रशियातून गुळगुळीत कागदाची रंगीत मासिकं यायची. वाचणारे थोडे होते, पण शाळेच्या वह्यापुस्तकांना कव्हर घालायला तो कागद घरोघरी लागायचा. माझ्या भूमितीच्या पुस्तकाला असंच एक पान चढलं होतं. पानभर एकच छायाचित्र. गडद रंगाच्या पोशाखातला, डोक्यावर टोपी घातलेला एक उंच माणूस हवेत होता आणि त्याची मूठ चेंडूला भिडलेली होती. सरांनी ते पुस्तक हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “हे चित्र भूमितीच्याच पुस्तकावर हवं होतं. संध्याकाळी मैदानावर ये, का ते सांगतो.”

त्या संध्याकाळी सरांनी पिशवीतून सुतळीचा बंडल काढला. एक सुतळी डाव्या खांबाला बांधली, दुसरी उजव्या खांबाला. दोन्हींची टोकं ओढत नेऊन मोठ्या डीच्या रेषेवर ठेवलेल्या चेंडूखाली दाबली. गोलाची रुंदी आठ यार्ड, म्हणजे चोवीस फूट. चेंडू अठरा यार्डांवर. “रेषेवर उभा राहा,” सर म्हणाले. उभा राहिलो. दोन्ही हात पसरले, तरी दोन्ही बाजूंच्या सुतळ्या माझ्यापासून कितीतरी लांब होत्या. “आता चार पावलं पुढे ये.” आलो. सुतळ्यांमधलं अंतर अठरा-एकोणीस फुटांवर आलं होतं. छोट्या डीच्या रेषेपर्यंत गेलो तर सोळा फूट. मी तोच, माझे हात तेवढेच आणि गोलही तेवढाच, पण फॉरवर्डला दिसणारी मोकळी जागा एक तृतीयांशानं कमी झाली होती. मग सरांनी चेंडू उचलला आणि अलगद माझ्या डोक्यावरून गोलात टाकला. म्हणाले, “पुढे येण्याची ही किंमत. ती ठाऊक असूनही जो पुढे येतो, तो गोली.”

आज तासाभरात मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या सुतळीत होतं. राखण करणं म्हणजे आपल्या जागी उभं राहून संकटाची वाट पाहणं नव्हे. जोंधळा हुरड्यात आला की राखणीला माळ्यावर बसलेला माणूस पाखरं कणसावर बसेपर्यंत थांबत नाही. थवा वळताना दिसला की त्याची गोफण फिरते. याशिननं गोलरक्षणाला ही दूरची नजर आणि पुढे जाण्याचं धैर्य दिलं. त्याची किंमतही त्यानं मोजली आणि ती मोजूनही तो पुन्हा पुढे आला.

लेव्ह इवानोविच याशिनचा जन्म २२ ऑक्टोबर १९२९ रोजी मॉस्कोतल्या एका कामगार कुटुंबात झाला. आई लहानपणीच गेली. १९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोच्या रोखानं निघाल्या तेव्हा कारखानेच्या कारखाने यंत्रांसकट पूर्वेला हलवले गेले. वडिलांच्या कारखान्याबरोबर याशिनचं घरही उल्यानोव्स्कच्या परिसरात गेलं. गडीमाणसं आघाडीवर गेली होती, त्यामुळे यंत्रांवर बायका आणि मुलं उभी राहिली. हा मुलगाही चौदाव्या वर्षाच्या आसपास कारखान्यात फिटरचं काम शिकू लागला. युद्धकाळात केलेल्या श्रमांसाठी त्याला पदक मिळालं तेव्हा तो पुरता वयातही आला नव्हता.

ज्या वयात आपली मुलं मैदानं गाजवतात, त्या वयात याशिनच्या हातांना लोखंड आणि तेलाचा वास होता. कारखान्याच्या संघात त्याला फॉरवर्ड खेळायचं होतं. उंच म्हणून त्याला गोलात उभं केलं गेलं. पुढे अठराव्या वर्षी त्याचं मन एकाएकी थकलं. लहान वयात उचललेलं ओझं अंगावर आलं असणार. त्यानं कामावर जाणं सोडलं. त्या काळच्या सोव्हिएत कायद्यानं असं काम सोडणं हा गुन्हा होता. सैन्यात भरती हो, असा सल्ला मिळाला आणि तो भरती झाला. तिथे खेळताना अर्कादी चेर्निशेव्ह या प्रशिक्षकांनी त्याला हेरलं आणि १९४९ मध्ये तो मॉस्कोच्या डायनॅमो क्लबमध्ये आला. त्यानंतर तो दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून खेळला नाही.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण याशिनची खरी परीक्षा इथे सुरू होते.

डायनॅमोच्या गोलात तेव्हा अलेक्सेई खोमिच होता. १९४५ मध्ये डायनॅमोचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला ‘टायगर’ म्हटलं होतं. अशा माणसाच्या मागे याशिन बाकावर बसला. १९५० च्या वसंतात स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर संघाशी एक मित्रत्वाचा सामना झाला. समोरच्या गोलीनं लांब किक मारली. चेंडू वाऱ्यावर बसला. याशिन नजर चेंडूवर ठेवून पुढे धावला, आपल्याच बॅकला धडकला आणि चेंडू टप्पा खाऊन मोकळ्या गोलात गेला. एका गोलीनं दुसऱ्या गोलीला शंभर यार्डांवरून गोल केला. त्याच वर्षी स्पार्टाकविरुद्धच्या लीग सामन्यात खोमिच जखमी झाल्यामुळे याशिन मैदानात उतरला. तेव्हाही तो पुढे आला, पुन्हा आपल्याच बॅकला धडकला आणि स्पार्टाकनं बरोबरी साधली. त्या मोसमात त्याला लीगचे दोनच सामने मिळाले. मग त्याची रवानगी राखीव संघात झाली आणि जवळजवळ तीन वर्षं पहिल्या संघाचं दार बंद राहिलं.

मुला-मुलींनो, या दोन्ही गोलांकडे नीट पाहा. ते पुढे आल्यामुळे झाले होते. दुसरा कुणी असता तर त्यातून एकच धडा घेतला असता, की रेषा सोडायची नाही. रेषेवर उभ्या असलेल्या गोलीला कुणी फारसं बोलत नाही. चेंडू कोपऱ्यातून गेला तर ‘काय करणार बिचारा’ म्हणतात. पुढे आलेला गोली चुकला तर मात्र सगळं मैदान त्याच्यावर तुटून पडतं. याशिननं तो सुरक्षित धडा घेतला नाही. त्यानं पाऊल मागे घेतलं नाही, आवाज वाढवला. नंतरचा याशिन पाहणारे सगळे सांगतात, की तो सामनाभर बोलत असे. कुठला बॅक कुठे सरकायचा, कुणाला कोण धरणार, आपण चेंडूवर कधी निघतोय, हे सगळं तो ओरडून सांगायचा. दोन्ही वेळा तो ज्या बॅकला धडकला, त्याच्याशी बोलायचं राहिलं होतं. चुकीचं मूळ त्यानं अचूक ओळखलं.

त्या तीन वर्षांत तो आणखी एक गोष्ट करत होता. डायनॅमोच्याच आइस हॉकी संघात तो गोली होता. १९५३ मध्ये त्या संघानं सोव्हिएत चषक जिंकला. बर्फावरच्या गोलीचा सगळा हिशेबच पुढे सरकून कोन लहान करण्याचा असतो. पक इतकी लहान आणि वेगवान, की रेषेवर उभं राहून तिला पकडण्याची आशाच नको. माझी अशी समजूत आहे, की सरांनी मला सुतळीनं जे दाखवलं ते याशिनच्या अंगात बर्फावर मुरलं. १९५३ मध्येच फुटबॉलच्या पहिल्या संघात त्याची जागा पक्की झाली. पुढच्या वर्षी तो देशाकडून खेळला आणि त्यानं हॉकीची काठी बाजूला ठेवली.

आता त्याच्या खेळाकडे येऊ. त्या काळचा चेंडू चामड्याचा, पावसात भिजला की जड व्हायचा. गोलीला खांद्यानं धडक मारण्याची फॉरवर्डला मुभा होती. अशा वेळी गर्दीत उंच आलेला चेंडू झेलायला जाणं धोक्याचं होतं, तरी झेलणं हीच उत्तम गोलीची खूण मानली जायची. याशिननं मूठ वापरली. खात्री नसेल तिथे चेंडू बुक्कीनं लांब उडवून दिला. शोभेपेक्षा गोल वाचणं मोठं. दुसरी गोष्ट, तो मोठ्या डीच्या बाहेर येऊन पायानं, वेळ पडली तर डोक्यानं चेंडू परतवायचा. हंगेरीचा ग्युला ग्रोशिचही त्याच काळात असाच पुढे येऊन खेळत होता, म्हणजे काळाची हवाच तशी होती. पण याशिननं ते वर्षानुवर्षं मोठ्या सामन्यांत करून दाखवलं आणि त्याची रीत घालून दिली. तिसरी गोष्ट मला सर्वांत जवळची. चेंडू हातात आला की तो उगाच लांब किक मारत नसे. डोकं वर करून मोकळा असलेला आपला खेळाडू शोधायचा आणि हातानं झटकन चेंडू त्याच्या पायाशी पोचवायचा. मघाशी गोफण म्हटलं ती हीच. बचाव संपला त्याच क्षणी चढाई सुरू झालेली असायची.

त्याचा पोशाख गडद निळा होता, पण लांबून काळाच दिसायचा. लांब हात आणि तो रंग पाहून कुणी त्याला काळा कोळी म्हटलं, कुणी काळा ऑक्टोपस, कुणी काळा चित्ता.

१९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक सोव्हिएत संघाला मिळालं. ८ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात त्यांनी युगोस्लाव्हियाला १-० असं हरवलं. आपल्यासाठी या स्पर्धेची आठवण वेगळीही आहे. त्याच युगोस्लाव्हियानं उपांत्य फेरीत भारताला ४-१ असं हरवलं होतं आणि आपला संघ चौथा आला होता. मुंबईच्या नेव्हिल डिसोझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्धची हॅटट्रिक याच स्पर्धेत केली. पीटर थंगराज आणि मुंबईचे एस. एस. नारायण हे आपले दोन गोलरक्षक त्या संघात होते. याशिन ज्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला, त्याच स्पर्धेत आपली माणसंही गोल राखत होती. सर हे नेहमी अभिमानानं सांगायचे.

१९५८ च्या विश्वचषकात त्यानं ऑस्ट्रियाविरुद्ध पेनल्टी अडवली. पेले आणि गारिंचा यांना पहिल्यांदाच विश्वचषकात घेऊन उतरलेल्या ब्राझीलसमोर सोव्हिएत संघ दोनच गोलांनी हरला. सुरुवातीच्या काही मिनिटांतच गोलाच्या खांबांवर चेंडू आदळत होता, यावरून त्या हल्ल्याची कल्पना यावी. १० जुलै १९६० रोजी पॅरिसमध्ये पहिल्या युरोपियन स्पर्धेचा अंतिम सामना झाला. पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर होता. जादा वेळेत पोनेदेल्निकनं हेडनं गोल केला आणि सोव्हिएत संघ २-१ असा विजेता ठरला. त्या दिवशी याशिन नसता तर सामना जादा वेळेपर्यंत पोचलाच नसता.

आणि मग १९६२ उजाडलं. चिलीमधलं अरिका हे शहर. ३ जूनला कोलंबियाविरुद्ध सोव्हिएत संघ ४-१ असा पुढे होता. ६८ व्या मिनिटाला मार्कोस कॉलनं कॉर्नर घेतला. चेंडू जवळच्या खांबाकडे आला. तिथे उभा असलेला बॅक आणि याशिन यांच्यात घोळ झाला, चेंडू कुणीच घेतला नाही आणि तो थेट गोलात गेला. पुरुषांच्या विश्वचषकात कॉर्नरवरून थेट झालेला हा आजवरचा एकमेव गोल. सामना ४-४ असा सुटला. १० जूनला उपांत्यपूर्व फेरीत यजमान चिलीनं दोन गोल केले, एक फ्री किकवर आणि एक लांबून मारलेल्या फटक्यावर. सोव्हिएत संघ २-१ असा हरून परत निघाला.

मायदेशात हे सामने टीव्हीवर कुणीही पाहिले नव्हते. वर्तमानपत्रांत जे छापून आलं त्यावरून लोकांनी ठरवलं, की याशिननं घात केला. मॉस्कोत त्याच्या घराच्या खिडक्या फोडल्या गेल्या. शिव्यांची, धमक्यांची पत्रं आली. मैदानावर त्याच्या हातात चेंडू आला की शिट्ट्या वाजायच्या. परदेशी पत्रकारांनीही त्याचा काळ संपल्याचं लिहिलं. तो बत्तीस वर्षांचा होता.

मला या जागी दरवेळी गलबलून येतं. ज्यांनी दगड मारले त्यांनी गोल पाहिलाच नव्हता. कोलंबियाविरुद्ध गोल करायला अकरा जण होते, बचावाला अकरा जण होते, पण चार वेळा वळून, मैदानाकडे पाठ करून, जाळीतून चेंडू काढायला वाकला एकटा याशिन. जो वाकतो तोच दोषी, असं बघणाऱ्याला वाटतं. आपण तरी काय वेगळं करतो? पेठेच्या सामन्यात हाफचा पास चुकतो, बॅक मागे राहतो, फॉरवर्ड तीन संधी घालवतो आणि शेवटी गॅलरी ओरडते ती गोलीच्या नावानं. शाळेच्या एका अंतिम सामन्यात माझ्या हातून चेंडू निसटला होता. महिनाभर मी मंडळाच्या चौकातून गेलो नाही, मागच्या बोळानं घरी जायचो. एका रविवारी सर घरी आले. सामन्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सुतळीचा बंडल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, “लहान पोरांना आज तू शिकव.”

याशिन खेळ सोडण्याच्या विचारापर्यंत आला होता. तो शहराबाहेर गेला आणि गळ टाकून मासे धरत बसला. मग परतला, आधी राखीव संघातून, मग हळूहळू पहिल्या संघात. १९६३ च्या मोसमात लीगमध्ये तो २७ सामने खेळला आणि त्याला फक्त ६ गोल झाले. डायनॅमो विजेता ठरला. त्याच्या काळातलं डायनॅमोचं ते पाचवं लीग विजेतेपद. २३ ऑक्टोबरला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या शताब्दीनिमित्त वेम्ब्लीवर इंग्लंड विरुद्ध जागतिक संघ असा सामना झाला. आदल्या दिवशीच चौतीस पूर्ण केलेला याशिन जागतिक संघाच्या गोलात पूर्वार्धभर उभा होता. त्या अर्ध्या वेळात इंग्लंडला गोल करता आला नाही. नोव्हेंबरात रोममध्ये त्यानं इटलीच्या मात्सोलाची पेनल्टी अडवली. आणि वर्षाच्या शेवटी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बॅलन डी’ऑर त्याला मिळाला. आजवर तो मान मिळालेला गोलरक्षक एकच, लेव्ह याशिन.

तो परतला हे मोठंच. पण परतताना तो रेषेवर जाऊन उभा राहिला नाही, हे मला त्याहून मोठं वाटतं. ज्या खेळामुळे टीका झाली तोच खेळ घेऊन तो परतला. पुन्हा तीच चार पावलं पुढे. गोल झाला की त्याची टोचणी तो मनाला लावून घ्यायचा. दोष दुसऱ्याचा असला तरी आपण काय करू शकलो असतो याचा विचार करत राहायचा. ती टोचणी आणि ते धैर्य एकाच माणसात होतं, आणि माझ्या मते दोन्ही एकमेकांवाचून टिकली नसती.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९६४ च्या युरोपियन स्पर्धेत सोव्हिएत संघ अंतिम सामन्यात स्पेनकडून हरला. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या विश्वचषकात छत्तिसाव्या वर्षी त्यानं संघाला उपांत्य फेरीत नेलं. तिथे पश्चिम जर्मनीनं २-१ असं हरवलं आणि संघ चौथा आला. सोव्हिएत संघाची विश्वचषकातली ती सर्वोत्तम कामगिरी. १९७० मध्ये मेक्सिकोला तो राखीव गोलरक्षक म्हणून गेला. तिथे त्याला खेळायला मिळालं नाही, पण चाळिशीचा माणूस तरण्या गोलींच्या पाठीशी उभा होता.

२७ मे १९७१ रोजी मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर त्याच्या निरोपाचा सामना झाला. लाखावर माणसं जमली. समोरच्या जागतिक संघात बॉबी चार्लटन, गेर्ड म्युलर, फाकेत्ती असे खेळाडू होते. उत्तरार्धात तो थांबला. हातमोजे काढले, तरुण व्लादिमीर पिल्गुईच्या हातात दिले आणि मैदानाबाहेर गेला. ज्या शहरात नऊ वर्षांपूर्वी त्याच्या खिडक्या फुटल्या, त्याच शहरातली लाख माणसं त्याच्यासाठी उभी होती.

शेवटची वर्षं कठीण गेली. पायातला रक्तपुरवठा बिघडला आणि पाय कापावा लागला. ज्याच्या चार पावलांनी फॉरवर्डचं गणित मोडायचं, त्याच्या वाट्याला हे यावं. १९९० च्या मार्चमध्ये त्याला ‘समाजवादी श्रमवीर’ हा देशाचा मोठा सन्मान मिळाला. बालवयात यंत्रावर उभ्या राहिलेल्या मुलाला ते बिरुद शोभून दिसलं. त्यानंतर काही दिवसांतच, २० मार्चला, कर्करोगानं तो गेला. आज सर्वोत्तम गोलरक्षकाला दिला जाणारा फ्रेंच करंडक त्याच्या नावाचा आहे. २०१८ च्या रशियातल्या विश्वचषकाच्या पोस्टरवर चेंडूकडे झेपावणारा टोपीवाला माणूसही तोच.

मित्रहो, आपल्या भागात गावाच्या वेशीवरच्या राखणदाराला वर्षाचा नारळ चुकत नाही. गावावर काही आलं नाही, म्हणजे त्यानं राखलं, ही श्रद्धा. घडलेलं सगळ्यांना दिसतं, टळलेलं कुणाला दिसत नाही. आपल्याकडे धरणावर, रेल्वेच्या फाटकावर, दवाखान्याच्या रात्रपाळीत अशी माणसं आहेत. त्यांच्या कामाची आठवण आपल्याला फक्त चूक झाल्यावर होते. याशिनचं आयुष्य मला सांगतं, की अशा माणसांकडे चूक होण्याआधी बघायला शिकलं पाहिजे.

येत्या रविवारी शाहू स्टेडियमवर सामना आहे. गोल होईल तेव्हा जल्लोष जरूर करा. पण त्यानंतर क्षणभर दुसऱ्या टोकाला बघा. गोली वळेल, वाकेल, जाळीतून चेंडू काढेल आणि मधल्या वर्तुळाकडे फेकेल. मग पुढच्या हल्ल्याला तो कुठे उभा राहतो ते बघा. रेषेवर राहिला, तर घाबरलाय असं समजा आणि त्याला धीर द्या. चार पावलं पुढे आला, तर त्याच्या नावानं टाळी वाजवा. ती टाळी सरांपर्यंत पोचेल.

सुतळीचा तो बंडल आज आमच्या मैदानावरच्या एका मुलीकडे आहे. दर संध्याकाळी ती सुतळी खांबांना बांधते.